वन्थोंगचा पाडेक

वन्थोंगने धाकट्या जावेला तोंडावर चोर म्हटलं, तेही देवळाच्या ओसरीत, सगळ्या गावासमोर.

तिच्या रांजणातला पाडेक गेले दोन महिने कमी होत होता. मीठ आणि कोंडा लावून दोन वर्षं मुरवलेले मासे. मेकाँगच्या काठी असा पाडेक कुणाला जमत नाही, असं गाव म्हणायचं आणि ती त्याहून मोठ्याने म्हणायची. दोन्ही जावांचं अंगण एकच. मग दुसरं कोण येणार?

पेंगसीही ऐकून घेणारी नव्हती. "जाऊबाई, तुमचे सडके मासे घालून मी माझं जेवण कशाला नासवू?"

गावप्रमुखाने न सांगता घरोघर माणसं धाडली आणि वन्थोंगचा सोडून प्रत्येक रांजणातून पळीभर पाडेक आणवला. सतरा वाट्या. कोणती कुणाची, हे त्याला एकट्यालाच ठाऊक. वन्थोंगने आपली चव ओळखली, तर चोराने गाव सोडायचं. नाही ओळखली, तर तिने पेंगसीच्या पाया पडायचं. दोघी कबूल झाल्या.

वन्थोंगची मुलगी दुआंगता खांबाआड बसली होती. आईला न विचारता नावाड्याशी लग्न केलं, तेव्हापासून मायलेकींत शब्द नव्हता. वन्थोंगने तिच्याकडे पाठ फिरवली. नवरा फूमी हळूच म्हणाला की जाऊ दे, मासेच तर आहेत. तिने त्यालाही झिडकारलं.

चिकट भाताचा गोळा वळायचा, वाटीत बुडवायचा, चाखायचा. एक खारट निघाला, एक कच्चा. पाचवा घास तर तिने पेंगसीकडे बघत थुंकला.

अकराव्या वाटीशी ती थांबली. पुन्हा चाखलं.

"हा माझा," ती म्हणाली. "पेंगसी, बांध गाठोडं."

गावप्रमुखाने वाटी उचलून खालची खूण पाहिली.

"ही दुआंगताच्या घरची आहे."

पेंगसी मोठ्याने हसली. वन्थोंगचा चेहरा काळाठिक्कर पडला. ती उठून खांबाकडे गेली.

"माझा उंबरा तुला बंद केला होता ना? चोरासारखी शिरलीस? आता गावही बंद. आजच नीघ."

दुआंगता उठू लागली. फूमी मध्ये येऊन उभा राहिला.

"ती नाही आली. मीच नेऊन देत होतो," तो म्हणाला. "पोरीला डोहाळे लागलेत. तुझ्या हातचंच मागते."