शरयूचा वगळलेला डाव

मुकुंदराव दांडेकर रोज दुपारी सांगलीच्या बुद्धिबळ मंडळात शरयूकडून हरायला यायचे. शरयू जाऊन चार वर्षं झाली होती. समोर असायचं ते तिच्या डावांवरून घडवलेलं यंत्र. तेही तिच्यासारखंच कुणाला सोडायचं नाही.

आज त्यांनी नवा डाव सुरू न करता आठवणीतली एक जुनी स्थिती पटावर मांडली. "इथून खेळ," ते म्हणाले.

यंत्र सांभाळणारी रेवती वाकून पाहू लागली. "काका, हा डाव आम्ही वगळलाय. जिंकत असताना शरयूताईंनी हार मानली, असं लिहिलंय. नोंदच चुकली असणार. त्या असं कधी करायच्या नाहीत."

"एकदा केलं होतं."

त्या दिवशी बायको अत्यवस्थ असल्याची तार आली, तरी मुकुंदराव पटावरून हलत नव्हते. शरयूने त्यांच्याकडे पाहिलं, स्वतःचा राजा आडवा केला आणि वैतागून म्हणाली, "डाव संपेपर्यंत तू उठणार नाहीस. घे, जिंकलास. आता घरी जा." बायकोचा शेवटचा तासभर त्यांना मिळाला, तो त्यामुळेच.

आज त्याच स्थितीतून यंत्राने सहा खेळ्यांत मात केली.

"तो डाव परत घालू का यात?" रेवतीने हळूच विचारलं.

"नको. ते हरायला शिकेल, माझ्याकडे बघायला नाही."

मुकुंदरावांनी बोटाने शरयूचा राजा आडवा केला आणि तसेच बसून राहिले. घरी जा म्हणणारं आता कुणी नव्हतं.