हैबतरावाच्या कनेक्शनचा दहावा

कावळा शिवत नव्हता.

दहाव्याचे पिंड नदीकाठच्या दगडावर मांडून पाऊण तास झाला होता. समोरच्या करंजावर सात-आठ कावळे होते, पण एकही खाली उतरेना. भरे गावाजवळच्या वाडीतली निम्मी माणसं पिंडांना खेटून उभी होती. शेजारी पाटावर हैबतरावाचा फोटो, त्याला झेंडूचा हार. डोक्याला फेटा आणि कानापर्यंत गेलेल्या मिशा.

शेखरनं त्या मिशा आधी पाहिल्या होत्या, कंपनीच्या अर्जावर. माणूस कधी पाहिला नव्हता. फोनवर मात्र पोटभर ऐकला होता.

शेखर भूगावचा. टीव्ही, फोन आणि इंटरनेट एकाच तारेतून देणाऱ्या कंपनीची वसुली तो करायचा. हैबतरावाचं बिल चारशेवरून सहाशेवर गेलं आणि तिथून थेट अकराशेवर. त्यात बंगाली नि उडिया चॅनेलांचे पैसेही होते. कनेक्शन बंद करा म्हणून म्हातारा पिरंगुटच्या ऑफिसात तीनदा गेला. तिथं म्हणाले फोन करा, फोनवर म्हणाले नऊ दाबा. शेवटी त्यानं तारच उपटली, तर पुढच्या बिलात तारेचे पैसे चढले. मग त्यानं शेखरला फोन लावून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. फोन स्पीकरवर होता. सगळं ऑफिस हसलं, आणि ते हसणं शेखरला झोंबलं.

"आजोबा," तो म्हणाला होता, "तुम्ही मेलात तरी बिल यायचं थांबणार नाही."

दोन महिन्यांनी हैबतरावाच्या बायकोचा, साळूबाईचा, फोन आला. सोमवारी नदीवर दहावा हाय, एवढंच बोलून तिनं ठेवला. शेखरला वाईट वाटलं, पण थोडंच. दहाव्याला सगळे वारस एका जागी सापडतात, हे धंद्यानं त्याला शिकवलं होतं. कनेक्शन वारसाच्या नावावर चढवायचा अर्ज भरूनच तो आला. म्हाताऱ्यानं दिलेल्या शिव्या त्याला वारसांकडून वसूल करायच्या होत्या.

वारस कोण, असं त्यानं विचारलं. शेजारच्या गेणबानं एका म्हाताऱ्याकडं बोट केलं आणि हे कोंडाजी, धाकले भाऊ, म्हणून सांगितलं. गेणबाच्याही घरात तीच तार होती, तेराशेची, त्यामुळं त्यानं शेखरकडं फार वेळ पाहिलं नाही. म्हाताऱ्याचं डोकं आणि तोंड नुकतंच भादरलेलं होतं, वरच्या ओठावर वस्तऱ्याचे दोन ओरखडे होते. त्यानं अर्ज घेतला, चौघडी घातली आणि दगडाखाली दाबून ठेवला. आधी कावळा शिवू द्या, म्हणाला. आवाज थेट हैबतरावासारखा होता; सख्खे भाऊच ते, असं शेखरला वाटलं.

मग एकेकानं पुढं होऊन मयताला वचनं दिली. बैल खाटकाला देणार नाही, म्हणाले. नातीचं, आरोहीचं, शिक्षण थांबवणार नाही, म्हणाले. कावळे जागचे हलले नाहीत. दर्भाचा कावळा करून शिववू या, असं गुरुजी पुटपुटले. म्हाताऱ्यानं त्यांच्याकडं नुसतं पाहिलं, तसे ते पुन्हा घड्याळ बघू लागले.

"त्येचा जीव तुमच्या तारंत गुतलाय, साहेब," म्हातारा शेखरला म्हणाला. "तुमीच सोडवा."

शेखरनं नियम सांगितला. मृत्यूचा दाखला आणल्याशिवाय खातं बंद होत नाही.

"दाखला ग्रामपंचायत मागंल. कावळ्यानं कवा मागितलाय?"

कुणी हसलं नाही. बायकांमध्ये साळूबाई भुवयांपर्यंत पदर ओढून बसली होती. तिचे खांदे गदगदा हलायला लागले. शेखरनं मान खाली घातली.

त्याला कावळ्याचं भय होतं. चार वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांच्या पिंडाला दुपारपर्यंत कावळा शिवला नव्हता. रस्त्याकडेचं वावर विकणार नाही, असं शेखरनं हात जोडून कबूल केलं, तेव्हा कुठं शिवला. आज त्या वावरात सात मजली इमारत आहे. तेव्हापासून गॅलरीत कावळा बसला की शेखर दार लावून घ्यायचा.

त्यानं मोबाईल काढला. कारणाच्या रकान्यात 'खातेदार मयत' निवडलं आणि खातं बंद केलं.

म्हाताऱ्याचं समाधान झालं नाही. "कागदावर लिवा. कावळ्याला मोबाईल वाचता येत न्हाई."

शेखरनं पावतीपुस्तकावर लिहिलं: खाते कायमचे बंद, बाकी शून्य. खाली सही केली, शिक्का मारला आणि पावती फाडून दिली. पण म्हातारा एवढ्यावर सोडणार नव्हता. त्यानं शेखरला बूट काढायला लावले, फोटोसमोर हात जोडून उभं केलं आणि काय बोलायचं ते शब्दाशब्दानं सांगितलं.

"हैबतराव, माझं चुकलं," शेखर म्हणाला. "माणूस मेल्यावर बिल थांबतं."

पाठीमागं कुणाला ऐकू आलं नाही, म्हणून ते पुन्हा म्हणायला लावलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी त्याचा आवाज फाटला.

म्हाताऱ्यानं हात वर केला. सगळी मंडळी वीस पावलं मागं सरली. त्यासरशी करंजावरून एक कावळा उतरला, त्याच्यामागं दुसरा, आणि बघता बघता पिंडांवर झुंबड उडाली.

शेखर बुटांकडं धावला. जेवायला थांबा म्हणून गेणबानं आग्रह केला, तरी तो थांबला नाही. बुटांचे बंदही न बांधता त्यानं गाडीला किक मारली.

गाडी पुलापलीकडं दिसेनाशी झाली. मग गेणबा म्हाताऱ्याजवळ आला. त्याच्या हातातला कागद घेऊन त्यानं शिक्क्यासकट दोनदा वाचला आणि घडी घालून परत दिला.

"हैबतराव," तो म्हणाला, "आता माजा दहावा कवा घालायचा?"