तांबडीचा ताप

सूर्यावरच्या वादळाने उबवणीची यंत्रे जळाली, त्याला आज चौथा दिवस होता. ठकूबाईने यंत्रातली अकरा अंडी पदरात गुंडाळून पोटाशी बांधली होती. ती अंडी वाया गेली तर गावात पुन्हा पिल्लू दिसणार नव्हते. कोंबडीने बारा महिने अंडी घालावीत म्हणून शास्त्रज्ञांनी तिच्यातली उबवायला बसायची ओढच काढून टाकली होती.

इतक्यात सून प्रणिता भिजलेली तांबडी कोंबडी घेऊन आली.

“आत्या, हिला ताप भरला होता. पिसं फुलवून कोपऱ्यात बसून होती. दाणा शिवेना, उचलायला गेले तर मेलीने चोच मारली. तीन दिवस गार पाण्यात बुडवतेय. आज उतरला बघा.”

“अगं, मला सांगायचंस तरी!”

“तुम्हाला हलायची चोरी. म्हटलं, आणखी घोर कशाला?”

“ताप नव्हता गं तो. खुडूक झाली होती ती. चाळीस वर्षांनी एकीला अंड्यांवर बसावंसं वाटलं!”

ठकूबाईला पुढे रागावता येईना. तरुणपणी, बसायची ओढ मोडून जास्त अंडी मिळावीत म्हणून तिने स्वतः कितीतरी खुडूक कोंबड्या अशाच बुडवल्या होत्या.

तिने गाठ सोडली, अंडी पेंढ्यावर मांडली आणि तांबडीला त्यांच्यावर बसवले. दोघी श्वास रोखून उभ्या राहिल्या.

तांबडीने अंग झाडले. मग ती अंड्यांवरून उतरली आणि अंगणातले दाणे भराभर टिपू लागली.