हात न टेकता

नाब्बोसाने अंगणातल्या चटईवर गुडघे टेकले. तिथवर सगळं झकास झालं. उठायची वेळ आली तेव्हा मांड्या थरथरल्या, कंबर डुलली आणि तिने जमिनीवर हात टेकला. तेही पुरलं नाही. भाची नाकिवालाने धावत येऊन तिच्या काखेत हात घातला आणि तिला उभं केलं.

"झालं तर मग," ओट्यावरच्या खुर्चीतून नाब्बोसाचा धाकटा भाऊ, नाकिवालाचा बाप कायिरा म्हणाला. "ताई, वाईट वाटून घेऊ नकोस. त्या दिवशी नामुसिसीला पुढे करू. तीही पोरीची आत्याच लागते की."

पुढच्या महिन्यात नाकिवालाला मागणी घालायला मुलाकडची मंडळी यायची होती. मुलीच्या आत्याने सगळ्यांसमोर गुडघ्यांवर बसून त्यांची विचारपूस करायची, मग झोकात उठून त्या गर्दीतून नवरामुलगा हुडकून काढायचा. आमच्याकडे हा मान आत्याचा, आईचासुद्धा नाही. आणि आत्या बसली ती बसलीच, तर मुलाकडचे नातवंडांना सांगून हसतील. पाय मोडून नाब्बोसा अंथरुणाला खिळली, तेवढ्यात मांड्यांवरचं मांस कुठे वितळलं देव जाणे. हाड जुळलं, मांस काही परत आलं नाही.

"नामुसिसी?" नाब्बोसा फणकारली. "तिला स्वतःचा नवरा गर्दीत ओळखता येत नाही, ती दुसऱ्याचा काय हुडकणार!"

नाकिवाला हसली नाही. ती आत्याची मांडी चाचपून बघत होती. "आत्या, स्टुलावरून ऊठबस रोज करतेस ना?"

"सकाळ-संध्याकाळ. शेजारणीला विचार. हातात पाण्याचा कॅन धरून करते."

"आणि अंडी?"

"अंड्यांचं काय?"

"मी कंपालाहून पाठवते ती! दवाखान्यातल्या बाईंनी काय सांगितलं होतं? व्यायाम म्हणजे गवंडी, आणि अंडी, मासे, शेंगदाणे म्हणजे विटा. खातेस ना?"

"अगं बाई!" नाब्बोसा म्हणाली. "बाईमाणसाने अंडं खायचं?"

यात तिचं चुकलं असं मी तरी म्हणणार नाही. तिच्या वयाच्या आमच्या बायका कोंबडी रांधतात, केळीच्या पानात गुंडाळून वाफवतात आणि गुडघ्यांवर बसून पुरुषांपुढे ठेवतात. स्वतः बोटसुद्धा चाटत नाहीत. अंड्यांचंही तेच. आईने खाल्लं नाही, आजीने खाल्लं नाही, मग हिने तरी का खावं?

"मग गेली कुठे सगळी?" नाकिवालाने विचारलं.

कायिराने बसल्या जागी पोट आत ओढलं.

"रोज चहाबरोबर दोन," तो हळूच म्हणाला. "उकडून, मीठ लावून. मला वाटलं, दुखण्यातून उठली, भावावर माया आलीय."

"बाबा!"

"अगं, मला काय ठाऊक!"

नाकिवालाने कपाळावर हात मारला. "गवंडी बिचारा रोज कामावर येतोय, आणि विटा शेजारच्या घरी उतरतायत! भिंत बघा कुठे उभी राहिलीय!"

नाब्बोसाने भावाच्या पोटाकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. मग तिला असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. पाठोपाठ रागही आला. भर उन्हात घाम गाळला हिने, आणि बाळसं धरलं भावाने!

"आजची कुठायत?" तिने विचारलं.

नाकिवालाने चुलीजवळची वाटी आणली. नाब्बोसाने एक अंडं उचललं, स्टुलाच्या कडेवर आपटलं आणि सोलायला लागली.

"ताई, लोक काय म्हणतील?" कायिरा खुर्चीतून पुढे सरकला.

"मी पाहुण्यांपुढे मातीत बसून राहिले तर जे म्हणतील, त्याहून बरंच म्हणतील." तिने घास घेतला, तोंड वाकडं केलं, आणि कसाबसा गिळला. "एवढ्यासाठी का रे तुम्ही पुरुष आयुष्यभर टपून बसता? मीठ दे इकडे. आणि नामुसिसीला निरोप धाड. म्हणावं, पाहुणी म्हणून ये, पोटभर जेव आणि जा."

मागणीच्या दिवशी नाब्बोसा लालभडक गोमेसी नेसून मांडवात आली. तो झगा कमरपट्ट्यासकट एवढा जड, की तरण्या बायकाही त्यात धापा टाकतात. ती पाहुण्यांपुढे गुडघ्यांवर बसली. सावकाश, एकेका म्हाताऱ्याची विचारपूस केली. मग उठायची वेळ आली. कायिराने न राहवून हात पुढे केला. तिने तो पाहिलाच नाही. ती उठली, सरळ, हात न टेकता, आणि बायकांच्या किलकाऱ्यांत गर्दीत शिरून नवऱ्यामुलाचं मनगट धरून त्याला बाहेर घेऊन आली. नाकिवाला पडद्याआडून बघत होती. ती रडायलाच लागली.

दुपारी पंगत बसली. बायका चटयांवर होत्या. केळीच्या पानातली कोंबडी घेऊन कायिरा स्वतः तिकडे आला तेव्हा नामुसिसीचा घास हातातच राहिला. त्याने बहिणीसमोर गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी ती पुडी तिच्यापुढे ठेवली.

मग तो उठायला लागला. मांड्या थरथरल्या. त्याने जमिनीवर हात टेकला. तेही पुरलं नाही.

नाब्बोसा उठली, त्याच्या काखेत हात घातला आणि त्याला उभं केलं.

"सकाळी स्टूल घेऊन जा," ती म्हणाली.