पातेलं आणि तवा

थोरल्याने जर्दाळूंच्या बिया काढायला घेतल्या, तेव्हाच त्याचं डोकं तापलेलं होतं.

"मटणात जर्दाळू?" बायकोने विचारलं. "आजवर कधी घातले नाहीत तुम्ही."

"आजवरचं मटण खायला कोण येतंय?"

"पण त्यांना चालेल का?"

"कोणाला?"

ती जरा थांबली. "कँटीनवाल्या काकांना."

"न चालायला काय झालं?"

बोटं चिकट झाली होती, गुडघा ठणकत होता, आणि बिया काही केल्या सुटत नव्हत्या. शेवटचे मूठभर जर्दाळू त्याने न बघताच पातेल्यात लोटले. झाकण ठेवलं आणि आच अगदी मंद केली. मटण रात्रभर शिजणार होतं.

वडील होते तोवर दुकान एकच होतं. थोरला पातेलं सांभाळायचा, धाकटा तवा. ब्रेडमध्ये मसालेदार मटण आणि चीज भरून लोण्यावर दाबून भाजलेलं ते सँडविच दोन्ही हातांनी धरावं लागे, आणि ते खाल्लं की माणूस रात्रीच्या जेवणाचं नाव काढत नसे. वडील गेले, आणि दुकान नक्की कोणाच्या हातामुळे चालतं यावरून भावांची जुंपली. वाटणीत पातेलं थोरल्याकडे आलं, तवा धाकट्याकडे. धाकट्याने नवा गाळा घेतला तो रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर. जगात दुसरी जागाच उरली नव्हती जणू. तेव्हापासून दोघांत अबोला होता.

सकाळी शाळेच्या कँटीनचे काका त्यांचा मोठा स्टीलचा डबा घेऊन आले. ब्रेड नको, चीज नको, रोज नुसतं मटण. शाळेला सुट्टी असली तरी त्यांचा खाडा नसे. घासाघीस करायची नाही, नाक मुरडायचं नाही. गिऱ्हाईक असावं तर असं, असं थोरल्याला वाटे.

काकांनी डब्यावर वाकून वास घेतला. "आज काही वेगळं दिसतंय."

"नवीन आहे. पोरांना आवडेल."

"आवडेल, आवडेल." मग निघताना नेहमीचा प्रश्न. "गुडघा कसा आहे?"

"आहे तसाच."

"तेल लावत जा. हयगय करू नका." डबा सावरत काका गेले.

दुपारचं पहिलंच सँडविच जळलं. ब्रेड बाहेरून काळा आणि आतलं चीज थंडगार. दुसऱ्यात थोरल्याने आच कमी केली, तर चीज वितळून बाजारातून आणलेल्या तव्यावर पसरलं आणि ब्रेड मऊच राहिला. काउंटरवरच्या तरुणाने एक घास घेतला, उरलेलं कागदात गुंडाळलं आणि बाहेर पडला. थोरला त्याच्याकडे बघत राहिला. तो रस्ता ओलांडून धाकट्याच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

लोकांनी धाकट्याच्या तव्याचं कौतुक केलं असतं, तर थोरल्याने ते कसंबसं गिळलं असतं. पण लोक मटणाचं नाव काढत होते. कालच न्हाव्याने दाढी करता करता ऐकवलं होतं, "तुमच्या भावाच्या मटणाला तोड नाही हो. तुमचंही बरं असतं म्हणा." गळ्यावर वस्तरा होता म्हणून थोरला गप्प बसला.

सगळी हयात पातेल्यापुढे घालवली ती याने. धाकट्याला साधा कांदा परतता येत नव्हता. आणि आता म्हणे त्याच्या मटणाला तोड नाही. थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने कालथा तव्यावर आपटला.

"बास झालं. उद्यापासून दुकान बंद. पातेलं भंगारात देऊन टाकतो."

"आणि कँटीनचं काय?" बायकोने विचारलं.

"त्यांनी त्यांचं शिजवावं. मी काय सगळ्या जगाचा मक्ता घेतलाय?"

बायकोने हात पुसले. "भाऊजींचं सँडविच कधी खाऊन बघितलंत?"

"मेलो तरी खाणार नाही."

तिने चप्पल पायात सरकवली आणि रस्ता ओलांडून सरळ समोरच्या दुकानात शिरली. थोरल्याने हाका मारल्या, पण तिने मागे वळून पाहिलं नाही. परतली तेव्हा तिच्या हातात गरम पुडी होती.

"आधी खा," ती म्हणाली. "मग पातेल्याचं काय करायचं ते ठरवा."

त्याला पुडी गटारात फेकायची होती. पण सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि लोण्याचा वास थेट नाकात शिरत होता. त्याने घास घेतला. ब्रेड कुरकुरीत होता. चीजची तार ओठापासून सँडविचपर्यंत लांबली, तरी तुटली नाही. असा ब्रेड धाकट्याशिवाय कोणाला भाजता येणार नाही, हे त्याने मनोमन कबूल केलं, आणि कबूल करावं लागलं म्हणून तो आणखीच चिडला.

मग मटणाची चव जिभेवर आली. तो चावायचा थांबला.

"चोर," तो म्हणाला. "माझा मसाला चोरलाय त्याने. जसाच्या तसा. सख्ख्या भावाच्या घरात चोरी करायला लाज कशी वाटली नाही याला?"

बायको तव्यावरचं चीज खरवडत होती. तिने मान वर केली नाही. "सगळं खा," ती म्हणाली.

रागाच्या भरात त्याने मोठा लचका तोडला. दाढेखाली काहीतरी कडकन वाजलं. तो कळवळला, आणि मनातून खूशही झाला. निदान एक चूक तरी हाती लागली होती. "बघ, बघ याचा निष्काळजीपणा," असं म्हणत त्याने ते तळहातावर काढलं आणि हात तिच्यापुढे धरला.

तळहातावर जर्दाळूची बी होती.