कविराजांचं सत्ताविसावं पत्र

नगराध्यक्ष फोस्कोनं पत्र तिसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदाही कोंबड्या अंडी देईनात.

‘इथली वाइन माझ्या घशाखाली उतरेना,’ पत्रात लिहिलं होतं, ‘म्हणून कोंबड्यांना पाजली. आज दोन दिवस अंडी बंद आहेत. टेकडीपलीकडून, रोकालुंगाहून, एक पिंप ताबडतोब पाठव.’ खाली सही होती उबाल्दो चेर्रींची.

चेर्री म्हणजे मोंतेसालेचे कविराज. त्यांना जाऊन शंभर वर्षं झाली, तरी गाव त्यांच्याच जिवावर जगत होतं. चौकात त्यांचा पुतळा, समुद्राकडच्या उतारावर त्यांचं घर आणि गावच्या प्रत्येक बाटलीवर त्यांच्या एखाद्या पत्रातली ओळ. ‘मोंतेसालेची वाइन प्यायलो की मला माझ्याच कविता आवडू लागतात,’ ही सगळ्यांत खपाऊ. रोकालुंगाची वाइन काही वेगळी नव्हती. तेच ऊन, तोच खारा वारा. पण त्यांच्याकडे मेलेला कवी नव्हता, म्हणून त्यांच्या बाटलीला कुणी विचारत नसे.

“जाळून टाक,” एर्सीलिया म्हणाली. कविराजांचं घर तीच सांभाळायची. तिच्याआधी तिचा बाप सांभाळायचा.

“कसं जाळू, मावशी? इवो गवंड्यानं कविराजांच्या घराच्या भिंतीतून काढलं ते थेट बारमध्ये नेलं. मोठ्यानं वाचलं. दोनदा.”

“मेल्याला वाचता कधीपासून येतं?”

“नेमकं एवढंच आलं. त्यात बायको त्याची रोकालुंगाची. आज सकाळी तिकडून मला टोपलीभर अंडी आलीत. भेट म्हणून. वर रिबीन बांधून.”

एर्सीलियानं कॉफीचा कप उचलला.

“रविवारी जर्मन व्यापारी येतायत,” फोस्को म्हणाला. “पत्र खरं निघालं तर बाटलीवर काय छापू? कोंबडी?” त्यानं कपाळाचा घाम पुसला. “म्हणून फ्लॉरेन्सहून प्रोफेसरबाईंना बोलावलंय. जुन्या हस्ताक्षरांतल्या मोठ्या तज्ज्ञ आहेत. आपल्या पत्रांशी हे ताडून बघतील.”

एर्सीलियानं कप तसाच खाली ठेवला. “कुठल्या पत्रांशी?”

“घरातल्या. सव्वीसच्या सव्वीस.”

“त्यांना हात लावायचा नाही! कागद नाजूक आहेत.”

“हातमोजे घालतात त्या.”

“कविराजांना हे आवडलं नसतं.”

“मावशी, कविराजांना काय आवडायचं तेच तर ठरवायचंय!”

पण फोस्कोला तिची दया आली. बाईनं लग्न केलं नाही, समुद्रात कधी पाय बुडवला नाही. सगळा जन्म त्या सव्वीस पत्रांत गेला. एकोणीस तिच्या बापाला सापडली होती, सात तिला. कधी माळ्यावर, कधी गादीत, कधी चुलीमागे. आता एका गवंड्याच्या हातोड्यानं तिच्या देवालाच तडा जाणार होता. कोणीही घाबरलं असतं.

प्रोफेसर गुइदी गुरुवारी सकाळी आल्या. काटकुळ्या बाई. वाइन पुढे केली तर पाणी मागितलं. सोबत आलेल्या गावच्या पाद्रीबाबांनी ते पाहून छातीवर क्रूसाची खूण केली.

तीन तास त्या कविराजांच्या घरात खिडकीशी भिंग घेऊन बसल्या. बाहेर अंगणात निम्मं गाव पत्ते खेळत होतं, म्हणजे हातात पत्ते धरून खिडकीकडे बघत होतं. एर्सीलिया दारात उभी.

“बसा ना, बाई,” प्रोफेसर म्हणाल्या.

“बसवत नाही.”

शेवटी भिंग मिटलं. फोस्को आत आला. त्याच्यामागून पाद्रीबाबा आले, त्यांच्यामागून इवो. त्याला कुणीतरी बाहेर ढकललं.

“या नव्या पत्राचा कागद शंभर वर्षांचा आहे,” प्रोफेसर म्हणाल्या. “शाईसुद्धा तेव्हाचीच.”

फोस्कोनं डोक्यावरची टोपी काढली.

“म्हणजे बनवणारा हुशार आहे. पण अक्षरात फसला. कविराजांचे बाकी सगळे कागद पुरात गेले. त्यांचा हात म्हणून जगात उरली ती ही सव्वीस पत्रं. मी ओळ न् ओळ तपासली. सव्वीसही एकाच वळणाची. या सत्ताविसाव्याचा त्यांच्याशी काडीचाही संबंध नाही. हे सपशेल बनावट आहे.”

अंगणात पत्ते उडाले. कुणीतरी चर्चची घंटा वाजवायला धावलं. पाद्रीबाबा इथेच होते, म्हणून ती भलत्याच तालात वाजली. प्रोफेसरबाईंनी निकालावर सही केली, आणखी एक ग्लास पाणी प्यायल्या आणि गेल्या. फोस्कोनं कोंबड्यांचं पत्र चुरगाळून चुलीत टाकलं.

एर्सीलिया तेव्हा कुठे खुर्चीत बसली. तिनं स्वतःच बाटली उघडली आणि एका दमात ग्लास संपवला.

“बघ, मावशी! उगाच जिवाला घोर लावून घेतलास,” म्हणत फोस्कोनं तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. “आता एवढं झालंच आहे, तर एक विचारू? तेलघाणीवाले मागं लागलेत. आपल्या ऑलिव्हच्या तेलाबद्दल कविराजांनी कुठं काही लिहिलंय का?”

“अजून तरी नाही,” एर्सीलिया दुसरा ग्लास भरत म्हणाली. “किती ओळी हव्यात?”