खिंडीसाठी टायर

“रस्ता तोच?” मिस्त्रीने विचारलं.

“दुसरा आहे कुठे?” ती म्हणाली. “तीन खिंडी ओलांडायच्या, की आईंचं घर. एकदा बर्फ पडला की रस्ता बंद. त्याआधी त्यांना इकडे घेऊन यायचंय. टायर कुठले घालायचे ते तुम्ही सांगा.”

आई म्हणजे तिच्या सासूबाई. मुलगा, म्हणजे तिचा नवरा, गेल्यापासून त्या पलीकडे एकट्याच राहत होत्या. आणि मुलगा गेला तो मधल्या खिंडीत, गेल्या वर्षी याच दिवसांत. ओल्या पाल्यावर गाडी घसरली आणि वळण न घेता सरळ गेली. आज दारात उभी होती ती दिराची गाडी, चार दिवसांसाठी मागून आणलेली.

मिस्त्री एरवी भारी बडबड्या. गिऱ्हाइकाचा टायर ठरेपर्यंत त्याची गुडघेदुखी, मुलीचं सासर, शेजाऱ्याशी झालेलं भांडण, सगळं मिस्त्रीला कळलेलं असायचं. आज तो मुकाट्याने आत गेला आणि एक टायर गडगडत घेऊन आला. नक्षी खोल, काळा कुळकुळीत. तिच्यासमोर उभा केला, कडेचे आकडे वाचले आणि परत आत ढकलला.

“काय झालं?”

“चार वर्षांपूर्वीचा आहे. दिसायला नवा, पण रबर म्हातारं झालंय.”

दुसरा आणला. तोही त्यानेच नाकारला. सखल भागातल्या रस्त्यांना ठीक होता तो, पण थंडीत दगडासारखा कडक व्हायचा. तिसऱ्याच्या कडेला बर्फाच्या टायरांवर असतं ते डोंगराचं छोटंसं चिन्ह होतं. मिस्त्री तिच्यासमोर उकिडवा बसला.

“इथे नख रुतवून बघा, वहिनी. मऊ लागतं ना?”

तिने नख रुतवलं. बोट काळं झालं.

“लागत असेल,” ती म्हणाली.

मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं. ती बोटाकडे बघत होती. गेलं वर्षभर असंच चाललं होतं. लोक गरम म्हणत ते ती गरम म्हणून पीत होती, लोक हसले की हसत होती. या दुकानात पाऊल टाकल्यावर आपल्याला रडू कोसळेल असं तिला येताना वाटलं होतं. पर्समधला रुमाल तिने वर काढून ठेवला होता. पण दुकान म्हणजे नुसतं दुकान निघालं. टायरांच्या थप्प्या, हवेचा पंप, भिंतीवर मागच्या महिन्याचंच पान उघडं असलेलं कॅलेंडर.

“वहिनी,” मिस्त्री तसाच बसून म्हणाला, “एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली नसेल. तो गेल्या वर्षी नवे टायर घालायलाच आला होता. मी म्हटलं, कशाला उगाच? अजून एक हिवाळा आरामात निघेल. मीच परत पाठवला त्याला.”

“माहीत आहे मला.”

मिस्त्रीचा हात टायरवरच राहिला.

“त्या दिवशी घरी येऊन सांगितलं होतं त्यांनी,” ती म्हणाली. “खूश होते. म्हणाले, विकायचं सोडून नको म्हणणारा दुकानदार शोधून सापडायचा नाही.”

बाहेर एक ट्रक रिव्हर्स घेत होता. त्याची टुंटुं थांबली तेव्हा मिस्त्री उठून उभा राहिला.

“मग माझ्याकडे कशाला आलात?” त्याचा आवाज चिरकला. “गावात काय टायरची दुकानं नाहीत?”

“आहेत की. तिथे कुणीतरी मला टायर विकले असते,” ती म्हणाली. “तुम्ही बघून द्याल.”

ती चिडून बोलली नव्हती, की समजूत घालावी म्हणूनही नाही. भाजीवाल्याला कुठली जुडी ते सांगावं तसं सांगितलं.

चारही चाकं मिस्त्रीने स्वतः चढवली. नट आवळले, एकदा फिरून सगळे तपासले, मग पान्यावर पाय देऊन पुन्हा तपासले. स्टेपनीही बदलली. हात पुसून तो म्हणाला, “चला. मागच्या उतारावर एक चक्कर मारू. मी शेजारी बसतो.”

दुकानामागचा उतार झाडांमधून नाल्याकडे जात होता. सकाळच्या सरीने भिजलेला पाला जाड थराने पसरला होता. पिवळा, तपकिरी, चिकट. तिने गाडी उतारावर घातली. वेग वाढला.

“दाबा,” मिस्त्री म्हणाला.

तिने ब्रेकला पाय लावला.

“असा नाही. जीव खाऊन दाबा.”

तिने दाबला. गाडी हादरली, पट्टा छातीत रुतला, बोनेट खाली झुकून पुन्हा वर आलं. मग सगळं स्थिर झालं. नाला अजून बराच लांब होता.

मिस्त्रीने श्वास सोडला. “बास. टायरांनी मस्त धरलं.”

तिने गाडी मागे घेतली, वर नेली, पुन्हा उतारावर सोडली आणि ब्रेक दाबला. पुन्हा नेली. पुन्हा. पाला चाकांखाली चिरडून काळा पडला, आणि मिस्त्री दरवाज्याची मूठ धरून बसून राहिला.

शेवटच्या खेपेला ती गाडी बंद न करताच थांबली. काचेसमोर एक पान हळूच येऊन वायपरवर टेकलं. तिचे हात स्टिअरिंगवरच होते. दुसऱ्याच कुणाचे असावेत तशी ती त्यांच्याकडे बघत राहिली.

“थांबते की,” ती म्हणाली. “मिस्त्री, गाडी थांबते.”